पळवाट कुणाची?

विज्ञानकथेत कुणाची आई किंवा कुणाचा बाप मेला की मराठी वाचक सावध होतो. आता हा पोरगा कालयंत्र बांधणार, नाहीतर बापाच्या मेंदूची नक्कल संगणकात भरणार, नाहीतर कुठल्यातरी लांबच्या ग्रहावर त्याला बाप भेटणार, हे त्याला पहिल्या पानावरच उमगलेलं असतं. मग तो पुस्तक मिटतो आणि ठरलेलं मत ठरलेल्या सुरात ऐकवतो. मरण ही आयुष्यातली एकमेव पक्की गोष्ट. शहाण्याने ती स्वीकारावी. गंभीर साहित्य हा स्वीकार शिकवतं. विज्ञानकथा मात्र मरणावर यंत्राचा उतारा देते, दुःखाला पळवाट काढून देते आणि वाचकाला जन्मभर दहा वर्षांचं ठेवते. आईबापाच्या जाण्यावर लिहायचं तर माणसांवर लिहा, यंत्रांवर कशाला?

हे मत दिसायला फार सभ्य आहे. त्यात प्रौढपणाचा आव आहे, हवा तेव्हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा आधारही घेता येतो. अडचण एवढीच, की ज्या कथांवर ते फिरवलं जातं त्यांत शेवटी काय घडतं याची चौकशी करायची तसदी फारशी कुणी घेत नाही. पळवाट म्हणायचं तर पळणारा कुठे पोचला, हे तरी बघायला नको का?

सुरुवातीपासूनच बघू. विज्ञानकथेचा आरंभ कुठे धरायचा यावर वाद आहेत, पण बहुतेकांचं बोट मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’वर येऊन थांबतं. स्त्रियांच्या हक्कांवर १७९२ साली ग्रंथ लिहिणारी मेरी वोलस्टनक्राफ्ट ही तिची आई. मुलीला जन्म दिल्यावर अकराव्या दिवशी ती गेली. मुलीला आईचा चेहरा ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती. तिच्या वाट्याला आली ती लंडनच्या सेंट पँक्रासमधली आईची कबर, जिथे ती पुस्तक घेऊन बसायची. १८१५मध्ये तिचं स्वतःचं पहिलं मूल काही दिवसांत दगावलं, आणि तिने रोजनिशीत एक स्वप्न नोंदवलं: बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीजवळ चोळल्यावर ते जिवंत झालं. पुढच्याच वर्षी, जिनिव्हाच्या सरोवराकाठी, अठरा वर्षांच्या या मुलीने मेलेल्या मांसात प्राण फुंकणाऱ्या तरुणाची गोष्ट लिहायला घेतली.

त्या तरुणाचं काय होतं? व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची आई साथीच्या तापाने जाते. मुलगी मानलेल्या एलिझाबेथची शुश्रूषा करताना तिला तो ताप जडलेला असतो. आई गेल्यावर व्हिक्टर शिकायला इंगोलश्टाटला जातो आणि तिथे मरण उलटं फिरवायच्या नादाला लागतो. अखेर एका रात्री त्याला यश येतं. थकून तो झोपतो, तर स्वप्नात एलिझाबेथला मिठीत घेता घेता ती त्याची मेलेली आई होते, कफनात गुंडाळलेली, आणि कफनाच्या घड्यांतून किडे वळवळताना दिसतात. ज्या रात्री मरणावर विजय मिळाला त्याच रात्री हातात आलं ते आईचं प्रेत. मानेला खिळे असलेला राक्षस सगळ्यांना आठवतो (तो १९३१च्या चित्रपटातला, पुस्तकातला नव्हे). हे स्वप्न कुणाला आठवत नाही. इथे कुणाला कसली पळवाट मिळाली, हे आक्षेप घेणाऱ्यांनीच सांगावं.

यावर पुढचा आक्षेप तयार असतो. ते अभिजात झालं हो, पण हल्लीच्या मालिका आणि चित्रपट? त्यांचा धंदाच खोट्या दिलाशाचा. काळात मागे जायचं, आईबापाला वाचवायचं, टाळ्या.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचा २००५ सालचा ‘फादर्स डे’ हा भाग घ्या. रोझ टायलर तान्ही असताना, १९८७ साली, तिचा बाप पीट गाडीखाली येऊन रस्त्यावर एकटा मेला. तिची मागणी अगदी साधी: शेवटच्या क्षणी त्याच्याजवळ कुणीतरी असावं. ती तिथे पोचते आणि पाय जमिनीला खिळतात. पुन्हा संधी मागते, आणि या वेळी न राहवून त्याला गाडीसमोरून ओढून घेते. बाप वाचतो. लगेच जगाचं शिवण उसवायला लागतं, माणसं गिळणारे जीव त्यातून आत येतात, आणि ज्या गाडीने पीटला मारायचं होतं ती चर्चभोवती पुन्हापुन्हा प्रकटत राहते. पीट काही विद्वान नाही. भलत्यासलत्या धंद्यांत हात पोळलेला साधा माणूस. पण गाडी कुणाला शोधतेय हे त्याला कळतं आणि तो स्वतःहून तिच्यापुढे धावत जातो. रोझ त्याचा हात धरून रस्त्यावर बसते. जगाच्या इतिहासात बदल झाला तो एवढाच, की पीट टायलर एकटा मेला नाही. हा खोटा दिलासा असेल तर खरा कसा असतो?

२०२३चा ‘द फ्लॅश’ हा काही थोर चित्रपट नव्हे. त्यातल्या संगणकी करामती बघवत नाहीत. पण त्याच्या मध्यभागी टोमॅटोचा एक डबा आहे. आईच्या खुनाच्या दिवशी तो डबा घरात नव्हता, म्हणून वडील दुकानात गेले आणि आई एकटी सापडली. मुलगा काळात मागे जाऊन तिच्या खरेदीत गुपचूप तो डबा टाकतो. आई वाचते, जग बिघडतं. शेवटी त्याच दुकानात जाऊन तोच डबा त्याला काढून घ्यावा लागतो, आणि हे करत असताना आई परक्या पोराशी बोलावं तशी त्याच्याशी मायेने बोलत असते. आईचा मृत्यू ‘स्वीकारणं’ म्हणजे काय, हे इतक्या क्रूरपणे मांडणारा प्रसंग वास्तववादी कथेत शक्यच नाही. तिथे मरण बाहेरून येतं. इथे ते मुलाला स्वतःच्या हाताने परत ठेवावं लागतं.

स्टीव्हन स्पीलबर्गच्या २००१च्या ‘ए.आय.’मध्ये डेव्हिड हा यंत्रमुलगा आईची माया मिळावी म्हणून समुद्राच्या तळाशी एका पुतळ्यापुढे प्रार्थना करत राहतो. दोन हजार वर्षं. नकार नकार म्हणतात तो याहून मोठा काय असणार? त्याचं फळ काय, तर बटेतल्या केसांवरून पुन्हा घडवलेली आई, फक्त एका दिवसापुरती. रात्री ती झोपते ती पुन्हा न उठण्यासाठी. प्रेक्षकांतले काहीजण याला गोडगोड शेवट म्हणतात. त्यांनी डोळे कधी पुसले आणि चित्रपट कधी पाहिला, देव जाणे.

एक उदाहरण मात्र विरोधकांना देऊन टाकायला हरकत नाही. २०००चा ‘फ्रिक्वेन्सी’. हौशी रेडिओवरून मुलगा तीस वर्षांपूर्वीच्या अग्निशामक बापाशी बोलतो, त्याला आगीतून वाचवतो. त्याची किंमत म्हणून आई खुन्याच्या हाती पडते. इथपर्यंत चित्रपट प्रामाणिक आहे. पुढे मात्र सगळे वाचतात, सगळे हसतात आणि बेसबॉल खेळायला जातात. ठीक आहे, हा एक तुमचा. एवढ्यावर अख्खा साहित्यप्रकार निकालात काढायचा, तर नायिका शेवटी बरी होते म्हणून सगळ्या कादंबऱ्याही निकालात काढाव्या लागतील.

आता त्या ‘स्वीकारा’कडे वळू. कारण सगळ्या आक्षेपांचा कणा तोच आहे. शोकाच्या पाच पायऱ्या हल्ली कुणालाही तोंडपाठ असतात: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. पहिली पायरी कच्च्यांची, शेवटची पिकलेल्यांची. तेराव्याला आलेला पाहुणासुद्धा चहा घेता घेता मुलाला पायरी नेमून देतो. पण एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९च्या ग्रंथात या अवस्था मांडल्या त्या शिकागोतल्या रुग्णालयात भेटलेल्या, मरणाच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णांवरून. स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या माणसांचं ते वर्णन होतं, मागे राहिलेल्या मुलाबाळांचं नव्हे. मागे राहिलेल्यांना त्या लावल्या गेल्या नंतर, आणि त्या अशा शिडीसारख्या चढायच्या नसतात हे खुद्द त्यांनीच नंतर सांगितलं. दरम्यान शिडी बाजारात पोचली होती. आता तिच्यावरून कथाही मापल्या जातात: नायक नकारात अडकला, म्हणजे लेखक अपरिपक्व.

शोकाचा अभ्यास करणारे तर केव्हाच दुसरीकडे गेले. डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपादित केलेलं ‘कंटिन्यूइंग बाँड्स’ हे पुस्तक १९९६ साली आलं. गेलेल्या माणसाशी नातं तोडल्याशिवाय दुःख संपत नाही, या जुन्या समजाला त्याने आव्हान दिलं. नातं चालू राहतं, त्याचं रूप पालटतं, आणि यात आजारासारखं काही नाही, असं त्यांचं म्हणणं. ही खबर आपल्या परीक्षकांपर्यंत अजून पोचायची आहे.

खरं तर पोचायचीही गरज नव्हती. घाटावर जाऊन बघितलं असतं तरी चाललं असतं. दहाव्याला पिंड मांडून सगळं घर कावळ्याची वाट बघत उभं राहतं. कावळा झाडावर बसून राहतो, खाली येत नाही. कुजबुज सुरू होते: काहीतरी राहिलंय त्यांच्या मनात. मग थोरला पुढे होऊन हात जोडतो, धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ, आईला अंतर देणार नाही. कावळा शिवला की बापाने ऐकलं. नाहीच शिवला, तर दर्भाचा कावळा करून त्याच्याकडून पिंडाला शिवून घ्यायचं. मेलेल्याशी बोलणं, त्याच्या उत्तराची वाट बघणं, आणि उत्तर येईना तेव्हा उत्तर देणाऱ्याची प्रतिकृती बनवणं, यांतली कुठली गोष्ट विज्ञानकथेने आणली? घाटावरून घरी येऊन आंघोळ करायची आणि संध्याकाळी मेलेल्या बापाशी बोलणाऱ्या नायकाला ‘पोरकट’ म्हणायचं, याला दुटप्पीपणाशिवाय दुसरं नाव नाही.

बरं, निव्वळ, संपूर्ण, डाग नसलेला स्वीकार दिसतो कसा? तेही विज्ञानकथेनेच दाखवलं आहे. कर्ट व्होनेगटच्या आईने मे १९४४मध्ये झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला. मुलगा सैन्यात होता, रजेवर घरी आला होता. काही महिन्यांतच तो जर्मनांच्या कैदेत पडला आणि फेब्रुवारी १९४५मध्ये ड्रेस्डेन शहर जळताना त्याने अनुभवलं. १९६९च्या ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’मध्ये त्याने ट्राल्फमाडोर ग्रहाचे रहिवासी आणले. त्यांना सगळे काळ एकदमच दिसतात. त्यामुळे मेलेला माणूस त्यांच्या लेखी या घटकेला जरा वाईट अवस्थेत आहे, इतकंच. इतर घटकांत तो छान आहे. ते कुणासाठी रडत नाहीत, कशाला विरोध करत नाहीत. विश्वाचा अंत आपल्याच चुकीने होणार हे माहीत असूनही ते ती चूक टाळत नाहीत. परिपूर्ण स्वीकार म्हणतात तो हा. आणि तो ज्यांना साधला ते माणसं नाहीत, तळहातावर एक हिरवा डोळा असलेले प्राणी आहेत. व्होनेगटचा टोमणा ज्यांना लागायला हवा ते विज्ञानकथा वाचत नाहीत, ही त्याची पंचाईत.

तिसरा आक्षेप सगळ्यांत आळशी आहे: या कथांत यंत्रं असतात, माणसं नसतात. रे ब्रॅडबरीच्या ‘आय सिंग द बॉडी इलेक्ट्रिक’मध्ये आई गेलेल्या तीन मुलांसाठी बाप यंत्राची आजी आणतो. दोघा मुलग्यांना तिचा लगेच लळा लागतो. मुलगी, अगाथा, तिला जवळ येऊ देत नाही. वरवर वाटतं, हिला आईची जागा कुणी घेतलेली चालत नाही. खरं कारण वेगळं असतं. आईने माया लावली आणि ती मरून गेली. अगाथाच्या हिशेबात तो दगा होता. आता जो माया लावेल तो दगाच देणार. ती धावत रस्त्यावर जाते, गाडी येते, आजी तिला ढकलून स्वतः गाडीखाली येते, आणि उठून उभी राहते. तेव्हा कुठे पोर तिला बिलगते. मेलेल्या आईवर मूल रागावू शकतं, हे आपल्या घरांत कुणी बोलून दाखवत नाही. ‘देवाघरी गेली’ म्हणून मोकळे होतो. ब्रॅडबरीला ते सांगायला एक यंत्र लागलं, कारण न मरणारं कुणीतरी समोर ठेवल्याशिवाय अगाथाचा राग नेमका कशावर आहे हे कळायला दुसरा मार्गच नव्हता.

जॉर्डन हॅरिसनच्या ‘मार्जोरी प्राइम’ या नाटकात तर यंत्र दिसतही नाही. सोफ्यावर बसून बोलणारी माणसं दिसतात, त्यांतली काही मेलेल्यांची प्रतिरूपं. प्रतिरूपाला गेलेल्या माणसाबद्दल काहीच ठाऊक नसतं. जिवंत माणसं सांगतील तेच ते शिकतं. म्हातारी मार्जोरी नवऱ्याच्या प्रतिरूपाला सुचवते, की लग्नाची मागणी घातली त्या रात्री आपण पाहिलेला तो हलकाफुलका चित्रपट बदलून टाकू, त्याऐवजी ‘कासाब्लांका’ होता असं म्हणू. पुढच्या वेळी बोलू तेव्हा तेच खरं झालेलं असेल. मग मार्जोरी मरते, आणि जिचं आईशी कधी धड जमलं नाही ती मुलगी टेस आईच्या प्रतिरूपासमोर बसते. आईने जे कधी विचारलं नाही ते हे प्रतिरूप विचारतं, फार आस्थेने विचारतं, आणि त्यानेच टेस आणखी खचत जाते. कारण ही आस्था तिच्या आईची नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? मायलेकींच्या अशा नात्यावर मराठीत थोर कथा आहेत. त्यांच्या पंगतीत हे नाटक बसवायला अडचण कसली, तर त्यात ‘तंत्रज्ञान’ आहे.

कार्ल सेगनच्या ‘कॉन्टॅक्ट’चीही अशीच उपेक्षा झाली. एली अ‍ॅरोवे ही खगोलशास्त्रज्ञ. तिचा बाप ती लहान असताना वारला. १९९७च्या चित्रपटात ती पोर रात्री रेडिओवरून बापाला हाका मारते. मोठी झाल्यावर त्याच कानांनी ती ताऱ्यांकडे ऐकत बसते, आणि अखेर पलीकडचे ते भेटतात तेव्हा बापाचं रूप घेऊन येतात. इथपर्यंत ऐकून विरोधक म्हणतील, बघा, बाप भेटलाच. पण एली परत येते तेव्हा तिच्याजवळ पुरावा नाही. जगाच्या घड्याळात ती कुठे गेलीच नव्हती. चौकशी समितीपुढे उभी राहून, सगळं आयुष्य पुराव्यावर काढलेली ही बाई, मला तो भेटला एवढंच सांगू शकते. आईबाप गेल्यावर जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज ऐकलेल्या कितीजणांना ही समिती ओळखीची वाटेल!

१९८५च्या मूळ कादंबरीत सेगन त्याहूनही कठोर झाला होता. तिथे प्रवासाहून परतल्यावर एलीच्या हाती मेलेल्या आईचं पत्र पडतं. ज्या बापाला ती जन्मभर उराशी धरून बसली तो तिचा जन्मदाता नव्हताच. ज्याचा तिने आयुष्यभर तिटकारा केला तो सावत्र बाप, जॉन स्टॉटन, तोच खरा. मेलेल्या बापाच्या नादात एका बाईने जिवंत बाप नाकारला. नकाराची इतकी निर्दय तपासणी ज्यांना ‘पलायन’ वाटते, त्यांनी वाचन सोडून आराम करावा.

शेवटचा आक्षेप आजचा आहे आणि तो वजनदार वाटतो. म्हणे विज्ञानकथांनीच ही खुळं डोक्यात भरवली. आता कंपन्या मेलेल्या आईबापांशी गप्पा मारायची सोय विकू लागल्या आहेत. सोय विकली जातेय, हे खरं. जेम्स व्लाहोस या अमेरिकी पत्रकाराने २०१६मध्ये कर्करोग झालेल्या वडिलांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. उतरवून काढल्यावर सुमारे ९२ हजार शब्द भरले, आणि त्यांतून त्याने वडिलांसारखा बोलणारा ‘डॅडबॉट’ बनवला. त्यातूनच पुढे त्याची कंपनी उभी राहिली. जून २०२२मध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या परिषदेत दाखवलं, की अलेक्सा गेलेल्या आजीच्या आवाजात नातवाला गोष्ट वाचून दाखवू शकते. संशोधक रे कुर्झवाइल यांचे संगीतकार वडील १९७०मध्ये गेले. त्यांची पत्रं, कागदपत्रं, नोंदी यांची खोकी मुलाने दशकानुदशकं जपली, आणि त्यांतून वडिलांसारखं बोलणारी प्रणाली तयार झाली. हा सगळा प्रवास त्यांची मुलगी एमी हिने २०२३च्या चित्रमय पुस्तकात मांडला आहे.

पण या सगळ्यांत विज्ञानकथा कुठे आहे? यंत्र उचललं, गोष्ट टाकून दिली. ‘ब्लॅक मिरर’ मालिकेच्या २०१३मधल्या ‘बी राइट बॅक’ या भागाने हे सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. मेलेल्या जोडीदाराचे संदेश आणि ध्वनिफिती पुरवून बाई त्याचं प्रतिरूप मागवते: आधी लेखी, मग आवाज, मग हाडामांसासारखा देह. शेवटी त्याला माळ्यावर ठेवून देते. काही वर्षांनी तिची लेक वाढदिवसाच्या केकचा तुकडा घेऊन शिडी चढते, कारण माळ्यावर ‘बाबा’ राहतात. जिने बाप कधी पाहिला नाही, तिला बापाच्या नावाखाली अडगळ मिळाली. हा भाग पाहूनही कुणाला दुकान टाकावंसं वाटलं, तर दोष दुकानदाराचा. सावित्रीची गोष्ट सांगून कुणी कुणाला यमाशी दलाली करायला शिकवत नाही.

आणि ज्याच्या डोक्यात विज्ञानकथेने खरोखरच ‘खूळ’ भरवलं, अशा एका माणसाची हकिकत इथे सांगायलाच हवी. बॉइड मॅलेट हा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये टीव्ही दुरुस्त करणारा कृष्णवर्णीय गृहस्थ. मे १९५५मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला. थोरला मुलगा रोनाल्ड दहा वर्षांचा होता. साधारण वर्षभराने त्याच्या हाती एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’ची चित्रकथा पडली. गंमत अशी, की वेल्सचा प्रवासी भविष्यात जातो. मेलेल्या बापाला वाचवण्याचा त्या पुस्तकात विषयही नाही. पोराने स्वतःची गरज त्यात वाचली. मागे जायचं, बापाला सांगायचं, सिगरेट सोड. चित्र बघून त्याने घरातल्या मोडक्यातोडक्या वस्तूंचं यंत्र जोडून पाहिलं. ते चाललं नाही, तेव्हा हे शिकून करावं लागेल असं त्याच्या लक्षात आलं.

तो शिकला. हवाई दलात नोकरी करून शिक्षणाची सोय केली, १९७३मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, १९७५पासून कनेटिकट विद्यापीठात शिकवलं. कालप्रवास म्हटलं तर लोक वेडा म्हणतील, म्हणून अनेक वर्षं कृष्णविवरांवर काम करतो असं सांगत राहिला. २०००मध्ये त्याने वर्तुळात फिरणाऱ्या लेसर किरणांच्या गुरुत्वीय परिणामावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. इतर शास्त्रज्ञांनी त्याच्या पुढच्या मांडणीवर कडक टीका केली आणि प्रत्यक्षात असं यंत्र शक्य नाही असं दाखवलं. ते सोडा. लक्षात घ्यायची गोष्ट दुसरीच आहे. मॅलेटच्याच मांडणीनुसार असं यंत्र ज्या क्षणी सुरू होईल त्या क्षणाच्या मागे त्यातून जाता येत नाही. म्हणजे १९५५ बंद. हे गणित त्याने स्वतः मांडलं, स्वतः मान्य केलं आणि २००६च्या आत्मचरित्रात स्वतः लिहिलं. बाप परत मिळणार नाही याचा सर्वांत नेमका पुरावा ज्याने शोधला, तो बाप परत आणायला निघालेला मुलगाच होता.

याला पळवाट म्हणायची? आइन्स्टाइनची समीकरणं शिकून घेऊन, आयुष्याची पन्नास वर्षं घालून हा माणूस ज्या दारापर्यंत पोचला, तिथे ‘देवाची मर्जी’ म्हणून मोकळे झालेले लोक कधी फिरकलेसुद्धा नाहीत. दहा वर्षांच्या पोराला त्याच वेळी कुणी ‘मोठं मन कर, विसर आता’ असं बजावलं असतं आणि त्याने ते ऐकलं असतं, तर आईची तेवढी सोय झाली असती. बाकी काय साधलं असतं?

आपल्याकडे विज्ञानकथेची फूटपट्टी अजून शाळेतलीच आहे. १९६६मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, तिच्या स्पर्धांनी अनेक लेखक दिले. १९७४मध्ये जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा तिथे पाठवली आणि बक्षीस मिळवलं. २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्षही झाले. एवढा मान मिळूनही कथेला विचारला जाणारा प्रश्न तोच राहिला: यातलं विज्ञान बरोबर आहे का? कथेत मेलेली आई विज्ञानाच्या गुणांत धरली जात नाही आणि साहित्याच्या गुणांतही नाही. विज्ञानवाले म्हणतात, भावनेत वाहवली. साहित्यवाले म्हणतात, यंत्रात अडकली.

हे दोघेही चुकतात. आईबाप गेलेला माणूस मनात एकच गोष्ट हजारदा म्हणत असतो: एकदा, फक्त एकदा भेटू दे. वास्तववादी कथा त्याला ऐकून घेते आणि पान उलटते, कारण त्या वाक्याचं पुढे काय करायचं हे तिच्या हातात नाही. तत्त्वज्ञ त्याला गप्प करतो. नातेवाईक त्याला जेवायला वाढतात. त्याचं म्हणणं अक्षरशः खरं धरून, ‘बरं, भेट’ म्हणून दार उघडणारी एकच कथा आहे, आणि दार उघडल्यावर आत काय होतं हेही तीच सांगते: पीट टायलर स्वतःहून गाडीपुढे जातो, टोमॅटोचा डबा मांडणीवर परत ठेवावा लागतो, टेसला आईची आस्था सोसत नाही. शोकातली मागणी इतक्या गांभीर्याने घेणारा दुसरा साहित्यप्रकार आक्षेप घेणाऱ्यांनी दाखवावा. नकाराला शेवटपर्यंत सोबत ती करते. स्वीकाराचा धडा वाचून अर्ध्यातून उठून जाणारे वेगळे.

तेव्हा दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि परीक्षकांना विनंती एवढीच. यंदा टपालात मेलेल्या बापाला भेटायला निघालेल्या पोराची कथा आली, तर यंत्र चालेल की नाही हे तपासायचं काम भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोपवा. तुम्ही बाप तपासा. तो खरा उतरला असेल तर कथा ‘विज्ञान विशेष’च्या रंगीत चौकटीत कोंबू नका. ती कथाविभागात छापा, पहिल्या क्रमांकावर.